नाकापेक्षां मोती जड

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यांतील सुशिक्षित घरांत एक नवा छंद हल्लीं चांगलाच रुजला आहे. रविवारीं पहाटे घरांतील एखादा मुलगा, एखादी सून किंवा नुकतेच सेवानिवृत्त झालेले काका पाठीवर पिशवी टाकून बाहेर पडतात. कोणी ऐरोलीच्या खाडीकांठीं रोहित पक्षी पाहावयास जातो, कोणी येऊरच्या रानांत, तर कोणी डोंबिवली पश्चिमेच्या सातपुलाकडे. दुपारीं मंडळी परत आलीं, कीं सारें घर कॅमेऱ्याच्या त्या लहानशा पडद्याभोंवतीं गोळा होतें. छंद निर्मळ आहे, बुद्धीस खाद्य देणारा आहे आणि तीन पिढ्यांना एका जागीं बसविणारा आहे. म्हणून आम्ही त्याचें मनःपूर्वक स्वागत करितों. परंतु या छंदाला पैसे लागतात, आणि एकत्र कुटुंबांत ते पैसे एकाच पेटींतून निघतात. तेव्हां त्यांतील ज्या खर्चाविषयीं सर्वांत कमी विचार होतो, त्या खर्चाविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. तो खर्च म्हणजे ट्रायपॉडचा, आपल्या साध्या भाषेंत तिपाईचा.

बहुतेक घरांत खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधीं कॅमेरा येतो. त्यानें दूरचा पक्षी ठिपक्याएवढाच दिसतो असें ध्यानांत आल्यावर १५० ते ६०० मिलिमीटरची लांब लेन्स येते. तिची किंमत लाखाच्या घरांत जाते, आणि घरांत दोन दिवस थोडी कुरबुरहि होते. मग पेटींत जें उरलें असेल त्यांत हजार-दीड हजारांची एक तिपाई आणून काम भागविलें जातें. दोन किलो वजनाची लेन्स, पाऊण किलोचा कॅमेरा आणि त्याखालीं बोटाएवढ्या जाडीचे पाय! आपल्या आजीबाई याला नाकापेक्षां मोती जड असें म्हणाल्या असत्या.

याचा परिणाम पैसे फुकट जाण्यापुरताच राहिला असता, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. खरें नुकसान पुढें होतें. चित्रें पुसट येऊं लागतात. दोष लेन्सचा आहे असें वाटून ती विकली जाते आणि तिच्याहून महाग लेन्सची बोलणीं सुरू होतात. किंवा दोष आपल्याच हाताचा आहे असें मानून मुलगा हळूहळू कॅमेरा कपाटांत ठेवून देतो. लेन्सहि निर्दोष आणि हातहि निर्दोष. डळमळत होती ती बैठक. हें कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं.

बैठकीला इतकें महत्त्व कां, हें थोड्या गणितानें समजेल. मध्यम आकाराच्या सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्यास ६०० मिलिमीटरची लेन्स लावून पन्नास मीटरांवरील बगळ्याकडे पाहिलें, तर चौकटींत जेमतेम दोन मीटर रुंदीचा देखावा मावतो. ती दोन मीटर रुंदी कॅमेरा ६००० बिंदूंत विभागतो. म्हणजे एक बिंदु मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा झाला. आतां चित्र घेतांना लेन्सचा नेम तेथें, पन्नास मीटरांवर, केवळ तीन मिलिमीटर सरकला असें समजा. बगळ्याच्या डोळ्याची कड नऊ बिंदूंवर पसरली आणि चित्र बिघडलें. एवढें होण्यासाठीं लेन्सचें पुढचें टोंक इकडे किती हललें असेल? मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढें, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीहूनहि कमी! साध्या लेन्सला जी थरथर जाणवतहि नाहीं, ती लांब लेन्स अनेक पटींनीं मोठी करून दाखविते.

भर उन्हांत शटरची गति सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी ठेवतां आली, तर ही थरथर बरीचशी झांकली जाते. परंतु पक्षी बाहेर पडतात ते उजाडतांना आणि मावळतांना. येऊरच्या गर्द झाडींत तर श्रावणांत भर दुपारींहि सेकंदाच्या साठाव्या भागावर यावें लागतें. तेथें तिपाई खरी उपयोगी पडते, आणि तेथेंच तिची परीक्षाहि होते.

तीनच पाय कां, याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत आहे. चौरंग उंचसखल फरशीवर ठेवला तर डुगडुगतो, आणि त्याच्या एका पायाखालीं कागदाची घडी सारावी लागते. तिवई मात्र कोठेंहि ठेवा, तिन्ही पाय जमिनीस टेकतात. म्हणजे तीन पायांनीं डुगडुगणें गेलें. परंतु पायांचें लवणें आणि पिळवटणें गेलें नाहीं. तें घालविण्याचें काम पायाच्या नळीच्या जाडीचें आहे.

सबब पहिली कसोटी ही: तिपाईच्या पायाची सर्वांत वरची नळी किती जाड आहे तें पाहावें. नळीच्या भिंतीची जाडी सारखी धरली, तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. २५ मिलिमीटरऐवजीं ३२ मिलिमीटरची नळी घेतली, तर डोळ्यांना फरक थोडा दिसतो. पण ताठपणा दुपटीहून किंचित् अधिक होतो. कित्येक कारखाने हा आंकडा मालाच्या नांवांतच गुंफतात. लिओफोटो या चिनी कारखान्याच्या ‘३२४’ या क्रमांकांत ३२ हा वरच्या नळीचा व्यास आणि ४ ही पायाच्या टप्प्यांची संख्या असते. गिट्झो या जुन्या नामांकित कारखान्यानें वर्ग पाडले आहेत. त्याच्या पहिल्या वर्गाची नळी सुमारें २५, दुसऱ्याची २९ आणि तिसऱ्याची ३३ मिलिमीटरची असते. दोन-अडीच किलोच्या लेन्ससाठीं २८-२९ मिलिमीटर ही आम्ही किमान मर्यादा मानतों. ३२ असल्यास उत्तम. तीन किलोच्या घरांतील मोठ्या लेन्सला ३२ च्या खालीं उतरूंच नये.

दुसरी कसोटी पायांच्या टप्प्यांची. तीन टप्प्यांची तिपाई मिटल्यावर लांब राहते, चार किंवा पांच टप्प्यांची आंखूड होते. दुकानदार आंखूडपणाची स्तुति करील. पण प्रत्येक वाढीव टप्पा मागच्याहून बारीक असतो, आणि सांध्यांची संख्याहि त्याबरोबर वाढते. पांच टप्प्यांच्या तिपाईचा शेवटचा पाय उदबत्तीच्या घराएवढा बारीक होतो आणि सारा भार त्यावर येतो. म्हणून होतां होईल तों तीन टप्पे घ्यावे. फार तर चार.

तिसरी कसोटी मधल्या दांड्याची. पुष्कळ तिपायांना मध्यें एक वर सरकणारा दांडा असतो, आणि उंची वाढविण्याचा तो सोपा मार्ग वाटतो. परंतु तो दांडा वर काढला, कीं तीन पायांची तिपाई एका पायाची होते. अशा दांड्याची बाहेर आलेली लांबी दुप्पट केली, तर त्याच भारानें तो आठपट लवतो. लांब लेन्ससाठीं मधला दांडा नसलेली तिपाई सर्वांत चांगली. असलाच, तर तो पूर्ण खालीं ठेवून काम करावें. अर्थात् दांडा वर न काढतां, वर बसवावयाचें हेड आणि कॅमेरा धरून, तिपाई आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचते कीं नाहीं तें घेतांनाच मोजावें. बसून चित्रें घेण्याची संवय असणारास कमी उंचीहि चालते, आणि पक्ष्यांच्या पातळीवरून घेतलेलीं चित्रें दिसतातहि अधिक सुरेख.

वेष्टणावर छापलेल्या भारक्षमतेच्या आंकड्याविषयीं वाचकांनीं सावध राहावें. तो आंकडा कसा काढावयाचा, याचा सर्वांना बंधनकारक असा एक नियम नाहीं. जो तो कारखाना आपापल्या रीतीनें तो ठरवितो. शिवाय ‘दहा किलो’ याचा अर्थ दहा किलो ठेवल्यावर तिपाई कोसळणार नाहीं किंवा पाय घसरणार नाहीं एवढाच. ती हलणार नाहीं असा नव्हे. पाट मोडला नाहीं म्हणजे तो डुगडुगत नाहीं असें होत नाहीं. तरीहि कांहीं अंदाज हवाच असेल, तर कॅमेरा आणि लेन्स यांच्या एकूण वजनाच्या तिप्पट आंकडा धरावा, आणि मग तोहि विसरून वरील तीन कसोट्यांवर विसंबावें.

आतां तिपाईच्या माथ्याविषयीं. बाजारांत त्यास हेड म्हणतात. साध्या गोल हेडवर लांब लेन्सचा सारा भार गोळ्याच्या वर राहतो. तळहातावर उभी धरलेली छत्री जशी संधि मिळतांच एका अंगास कलते, तशी लेन्सहि पेंच सैल होतांच पुढें कोसळते. त्यांत बोटेंहि चिरडतात. गिंबल नांवाच्या हेडवर लेन्स पाळण्यासारखी टांगलेली असते. तिचा गुरुत्वमध्य आंसाच्या पातळींत आणला, म्हणजे एका बोटानें ती हलते आणि सोडली तेथें थांबते. खाडीवरील गवतावरून संथपणें घिरट्या घालणारा दलदली भोवत्या टिपावयाचा, तर गिंबलसारखें साधन नाहीं. तें परवडत नसेल, तर दांडीचें व तेलाच्या अवरोधानें सावकाश फिरणारें हेड घ्यावें. चित्रपटाच्या कॅमेऱ्याखालीं तसें असतें. हलकें गोल हेड मात्र लांब लेन्सखालीं नको. आणि कोणतेंहि हेड घेतलें, तरी लेन्सखालची पट्टी आर्का-स्विस पद्धतीची असावी, म्हणजे पुढें हेड बदललें तरी पट्टी बदलावी लागणार नाहीं.

ॲल्युमिनियम कीं कार्बन तंतु, हा प्रश्न वाचक हटकून विचारतात. गिट्झोनें १९९४ सालीं कार्बन तंतूची तिपाई बाजारांत आणली, तेव्हांपासून हौशी लोकांचा ओढा तिकडे आहे. कार्बन हलका, आणि त्यांतील थरथर लवकर विरते. ॲल्युमिनियम जड, पण पुष्कळ स्वस्त. आमचें मत असें, कीं त्याच पैशांत जाड ॲल्युमिनियम आणि बारीक कार्बन यांतून निवड करावयाची झाल्यास डोळे मिटून जाड ॲल्युमिनियम घ्यावें. मॅनफ्रोटोची ‘०५५’ मालिकेंतील तीन टप्प्यांची ॲल्युमिनियमची तिपाई या जातीची आहे: नळी सुमारें २९ मिलिमीटरची, वजन सुमारें अडीच किलो, मिटल्यावर लांबी साठ सेंटिमीटरांच्या आसपास. आपल्याकडील माणसास हा शेवटचा आंकडाहि पाहावा लागतो. कारण त्याला लोकलनें जावयाचें असतें. साठ-पासष्ट सेंटिमीटरची तिपाई सामानाच्या फळीवर आडवी मावते. रविवारच्या पहिल्या गाडीनें डोंबिवलीहून ठाण्यास आणि तेथून ऐरोलीस जाणाऱ्यास तिची अडचण होत नाहीं. दुपारच्या गर्दींत परततांना मात्र ती पाठीवर उभी बांधूं नये. आपण वळलों, कीं मागच्या गृहस्थाच्या कपाळास ती लागलीच!

खरेदी शक्यतों दुकानांत जाऊन करावी. मुंबईस कोटांत, बोरा बाझारच्या बाजूस, कॅमेऱ्यांचीं जुनीं दुकानें आहेत. आपला स्वतःचा कॅमेरा व लेन्स बरोबर न्यावी आणि पुढील परीक्षा घ्यावी. तिला दहा मिनिटें पुरतात. तिपाई पूर्ण उंच करून, मधला दांडा खालींच ठेवून, वर कॅमेरा चढवावा. लेन्स पूर्ण लांब करून रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवरील अक्षर धरावें आणि पडद्यावर तें दहापट मोठें करावें. मग लेन्सच्या टोंकास बोटानें हलकीच टिचकी मारून अक्षर किती वेळांत स्थिर होतें तें मोजावें. एका सेकंदाच्या आंत स्थिरावलें तर उत्तम. दोन-तीन सेकंद नाचत राहिलें, तर ती तिपाई परत फळीवर ठेवावयास सांगावी. नंतर कॅमेरा उतरवून माथा दोन्ही हातांनीं धरून पिळून पाहावा, आणि वरून अंगाचा थोडा भार देऊन पायांच्या कड्या घसरतात का तें पाहावें. दुकानदार कपाळास आंठ्या घालील, घालूं द्याव्या. लग्नाचा शालू आपण उजेडांत नेऊन पाहतोंच कीं नाहीं?

आतां पैशाची गोष्ट. आमचा साधा हिशेब असा: लेन्सवर जितके रुपये खर्च करावयाचे ठरले असतील, त्यांतील निदान दहा-पंधरा टक्के तिपाई आणि हेड यांसाठीं आधींच बाजूस काढावे, मग लेन्स थोडी कमी किंमतीची घ्यावी लागली तरी चालेल. दीड हजारांची एक, मग चार हजारांची दुसरी, मग पश्चात्तापानें घेतलेली तिसरी, या रीतीनें कपाटांत तिपायांचा ढिगारा होतो, आणि शेवटीं जी पहिल्यानेंच घ्यावयास हवी होती ती घ्यावीच लागते.

ज्यांना एवढेंहि जड वाटतें, त्यांस दोन मार्ग आहेत. पहिला वापरलेल्या तिपाईचा. कॅमेरा पांच-सात वर्षांत जुना होतो. चांगली तिपाई होत नाहीं. कड्या घट्ट बसतात ना, सांध्यांत वाळू करकरत नाहीं ना, माथ्यास तडा नाहीं ना आणि वरचा तीन अष्टमांश इंची पेंच झिजलेला नाहीं ना, एवढें पाहून ती खुशाल घ्यावी. दुसरा मार्ग जमीनमोजणीच्या तिपाईचा. ती लांकडाची किंवा ॲल्युमिनियमची, पांच-सहा किलोची, आणि बैलासारखी दणकट असते. तिचा पेंच पांच अष्टमांश इंची असल्यामुळें मध्यें जोडतुकडा लागतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणाऱ्या कारागिरास तो करून देणें अवघड नाहीं. ही तिपाई लोकलनें नेण्याजोगी नव्हे. पण गच्चीवरून घारींचें घरटें लांबून न्याहाळावयास किंवा मुलांना चंद्र दाखवावयास तिच्यासारखी दुसरी नाहीं.

घेतलेली तिपाई नीट वापरलीहि पाहिजे. ठाण्याची खाडी २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ सालीं रामसर स्थळांच्या यादींत गेली; हिंवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत तेथें पक्ष्यांचा मेळा असतो. परंतु तेथला चिखल खारा आहे. चिखलांत उभें राहतांना सर्वांत खालचा टप्पा आधीं पूर्ण ओढावा, म्हणजे सांधे चिखलाच्या वर राहतात; पायांखालीं डब्याचीं रुंद झांकणें ठेवावीं, म्हणजे ते खचत नाहींत. वारा असल्यास मध्यें पिशवी टांगावी, पण ती जमिनीस टेकलेली असावी. अधांतरीं झुलणारी पिशवी तिपाईला उलट हलविते. कळ बोटानें न दाबतां तारेनें अथवा दोन सेकंदांच्या विलंबानें दाबावी. घरीं आल्यावर पाय गोड्या पाण्यानें धुवून, पुसून, उघडे ठेवून वाळवावे. हें काम मुलांकडे द्यावें. त्यांना तें आवडतें.

तिपाई सर्वत्र उपयोगी पडते असेंहि नाहीं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून जी होडी निघते, तिच्यांत तिपाई व्यर्थ. होडीचें इंजिन तिच्या पायांतून थरथर वर पाठवितें. तेथें हात किंवा एकपायी दांडा बरा. जंगलांत जीपमधून फिरतांना तांदुळानें अथवा डाळीनें भरलेली कापडी उशी लेन्सखालीं घ्यावी. ती घरीं शिवतां येते, आणि तिला जवळजवळ खर्च नाहीं. गाड्यांनीं हादरणाऱ्या पुलावर उत्तमांतली उत्तम तिपाईहि पुलाबरोबर हादरते. आणि ऊन चढल्यावर चिखलावरून जी हवा लहरूं लागते, तिनें दूरचें चित्र विरघळल्यासारखें होतें. त्यावर लवकर उठणें हाच एक उपाय आहे.

शेवटीं एक गोष्ट घरांतील कर्त्या मंडळींसाठीं. तिपाई ही एकट्याच्या मालकीची वस्तु समजूं नये. कॅमेरा बदलेल, लेन्स बदलेल, छंद काकांकडून पुतणीकडे जाईल. जाड पायांची तिपाई तेवढी टिकून राहील. शिवाय तिच्यामागें उभा राहणारा माणूस पक्ष्याच्या मागें धांवत नाहीं. तो एका जागीं थांबतो, आणि थांबणाऱ्याजवळ पक्षी आपण होऊन येतो. घरट्याजवळ मात्र तिपाई कधींहि मांडूं नये, मग चित्र कितीहि मोहक मिळणार असो. तेव्हां पुढच्या खेपेस घरांत नव्या लेन्सची बोलणीं निघालीं, तर होकार देण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: ‘ती ठेवणार कशावर?’ त्याचें समाधानकारक उत्तर मिळालें, म्हणजे मग पेटीची किल्ली काढण्यास हरकत नाहीं.